गॅस, वीज आणि न्यू लंडनची शाळा

श्रोतेहो, थंड देशांतील पुष्कळ घरांच्या तळघरांत एक भट्टी असते. ती हवा तापविते आणि ती ऊबदार हवा नळांवाटे घरभर फिरते. ह्या भट्टीला दोन जोडण्या लागतात : जळणासाठीं गॅसची, आणि पंखा फिरविण्यासाठीं व ज्योत पेटविण्यासाठीं विजेची. दोन्ही मनुष्याच्या मोठ्या उपयोगाच्या खऱ्या. परंतु एकीची गळती आणि दुसरीची ठिणगी यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील एका शाळेच्या हकीकतीवरून आज सांगावयाचें आहे. माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. त्यामुळें ही हकीकत मला परक्या देशाची वाटत नाहीं.

टेक्सास राज्याच्या पूर्व भागांत न्यू लंडन नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९३० सालीं त्या भागांत खनिज तेलाचा मोठा सांठा सांपडला आणि शाळेकडे पैशाचा ओघ सुरू झाला. १९३२ च्या सुमारास तेथें सुमारें दहा लक्ष डॉलर खर्चून भव्य इमारत उभी राहिली. एका ठिकाणीं बाष्पक बसवून वाफेनें सारी इमारत तापवावी, अशी मूळ योजना होती. व्यवस्थापक मंडळानें ती बाजूस सारून वर्गावर्गांत गॅसच्या शेगड्या बसविल्या. त्यांचे नळ फरशीखालच्या बंदिस्त पोकळींतून फिरविलेले होते.

तेलाबरोबर जो वायु निघतो, त्यांतील उपयुक्त अंश काढून घेतल्यावर उरलेला वायु त्या काळीं टाकाऊ समजून जाळून टाकीत. तो वाहून नेणाऱ्या नळाला परस्पर जोड देऊन फुकट गॅस घ्यावा, अशी चाल त्या भागांत पडली होती, आणि कंपन्याहि तिकडे कानाडोळा करीत. १९३७ च्या आरंभीं शाळेनें रीतसर गॅसचा करार सोडला आणि आपल्याच माणसांकडून त्या नळाला जोड देवविला. दरमहा सुमारें ३०० डॉलर वांचूं लागले. ह्या वायूचा दाब सारखा नसे आणि त्याला वास मुळींच नव्हता. मुलांचीं डोकीं दुखतात, अशी तक्रार कांहीं दिवस होती असें पुढें सांगण्यांत आलें; पण तिचा अर्थ कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

१९३७ सालच्या मार्च महिन्याची १८ तारीख. दुपारचे तीन वाजून गेले होते. शाळा सुटावयास थोडाच अवकाश होता. सदोष जोडांतून गळलेला वायु फरशीखालीं सांठून राहिला होता. हस्तव्यवसायाच्या शिक्षकानें लाकूड घासण्याच्या यंत्राचें विजेचें बटन दाबलें. त्या ठिणगीनें वायूनें पेट घेतला आणि इमारत उचलून खालीं कोसळली. सुमारें ३०० माणसें गेलीं. त्यांत बहुतेक मुलें होतीं. शाळेच्या मुख्य अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगाहि त्यांत होता.

दोष कोणाचा? न्यायालयानें कोणाहि अधिकाऱ्यास जबाबदार धरलें नाहीं. माझ्या मतें तेथें दुष्ट असा कोणीच नव्हता. काटकसर करणारे लोक होते, आणि सगळेच करतात तें आपण केलें, ही त्यांची समजूत होती. श्रोतेहो, हीच गोष्ट मला अधिक भयंकर वाटते.

त्याच वर्षीं टेक्साच्या विधिमंडळानें दोन कायदे केले. गॅसमध्यें उग्र वासाचें द्रव्य मिसळणें एकानें सक्तीचें केलें. दुसऱ्यानें एंजिनियरांच्या व्यवसायास नोंदणीचें बंधन घातलें. वास मिसळण्याची युक्ति पूर्वींहि माहीत होती. ती सर्वत्र रूढ होण्यास मात्र मुलांचे प्राण जावे लागले. नळाचा वायु हवेंत शेंकडा ५ ते १५ या प्रमाणांत असला कीं ठिणगीनें भडका उडतो. अमेरिकेंतील नियम असा कीं, शेंकडा ५ चा पांचवा हिस्सा, म्हणजे शेंकडा १ इतका वायु पसरतांच सामान्य मनुष्याच्या नाकास तो कळला पाहिजे.

आजची भट्टी जोडतांना हा धडा पावलोंपावलीं पाळावा लागतो. भट्टीजवळच गॅस बंद करण्याची तोटी असते. सांधे साबणाच्या पाण्यानें तपासतात. बुडबुडा आला म्हणजे गळती आहे असें समजावें. पेटत्या काडीनें गळती शोधणें म्हणजे मृत्यूस हांक मारणें. विजेची तार स्वतंत्र असते, जमिनीशीं जोडलेली असते, आणि दुरुस्तीच्या वेळीं प्रवाह बंद करण्यास जवळच बटन असतें. ज्योत विझली तर झडप आपोआप मिटते. इतकें झाल्यावरहि जाणत्या परवानाधारकानें तपासल्याशिवाय काम पुरें झालें असें मानीत नाहींत.

आपल्याकडे भट्टी नसली, तरी मुंबई-पुण्याच्या असंख्य स्वयंपाकघरांत नळाचा गॅस आला आहे आणि स्नानगृहांत गॅसचा बंबहि आला आहे. नळाचा वायु हवेपेक्षां हलका, म्हणून तो छताकडे चढतो. टाकींतला जड, म्हणून तो जमिनीलगत सांठतो. वास आला कीं बटन लावूं नये, आणि लावलेलें बंदहि करूं नये. दोन्ही वेळीं ठिणगी पडते. दारें-खिडक्या उघडाव्या, तोटी बंद करावी, बाहेर जावें आणि मग जाणत्यास बोलवावें. बंब मात्र बंद खोलींत जळला, तर त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. तेथें नाक उपयोगी पडत नाहीं, मोकळी हवाच हवी.

ओटा बदलतांना ‘शेजारचा माणूस दोनशें रुपयांत नळ सरकवून देतो’ असें कोणी म्हणालें, तर त्या शाळेच्या ३०० डॉलरांची आठवण ठेवावी. गॅसचा तो उग्र वास आपल्याला नकोसा वाटतो. परंतु तो आला म्हणजे न्यू लंडनचीं मुलें आपल्याला सावध करीत आहेत असें मी समजतों. आपणहि तसें समजावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.