यमाची बदली

२००५च्या ऑगस्टमध्ये जपानात एक कॉम्प्युटर गेम आला. 'तोहो' मालिकेतला हा नववा गेम. मालिकेचा कर्ता झुन या नावाने काम करतो. प्रोग्रॅम, चित्रं, संगीत, सगळं जवळजवळ एकहाती. या गेममध्ये वसंत ऋतूत सगळी फुलं एकदम फुलतात, ज्यांचा हंगाम नाही तीसुद्धा. कारण शोधत गेलं की कळतं, साठ वर्षांनी एकदा मेलेल्यांची गर्दी उसळते, आणि त्यांना नदीपार नेणारी कोमाची नावाची नावाडीण ड्यूटीवर डुलक्या काढते आहे. आत्मे काठावर अडकून फुलांत शिरले आहेत. मग कोमाचीची साहेबीण येते. हिरवे केस, डोक्यावर सजवलेली टोपी, हातात लाकडाची चपटी पट्टी. नाव एइकी शिकी, हुद्दा 'यामाझानाडू'. मेलेल्याचं पाप पट्टीवर लिहायचं आणि त्याच पट्टीने त्याला हाणायचं, हे तिचं काम. निकाल काळा किंवा पांढरा. मधलं काही नाही.

तिच्या हुद्द्यातला 'यामा' म्हणजे आपला यम. तो तिथवर कसा पोचला आणि वाटेत त्याचं काय काय झालं, हे बघायला काकतीइतकी सोयीची जागा नाही. बेळगावच्या उत्तरेला हायवेवरचं हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्माचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावाजवळून जी नदी जाते तिचं नाव मार्कंडेय. राकसकोपला तिला अडवून बेळगावला पाणी देतात, पुढे गोडचिनमलकीला ती कड्यावरून उडी घेते आणि गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. काकतीच्या साखर कारखान्याचं नावही मार्कंडेयच. म्हणजे इथला माणूस दिवसातून चारदा ज्याचं नाव घेतो, तो यमाला हरवलेला पोरगा आहे. सोळा वर्षांचंच आयुष्य लिहिलेलं. वेळ भरली तेव्हा शिवलिंगाला मिठी मारून बसला. यमाने टाकलेला पाश लिंगावरही पडला आणि आतून निघालेल्या शंकराने यमालाच आडवा केला. वेरूळच्या १५व्या लेण्यात हा प्रसंग दगडात आहे.

आपल्या कथांमधला यम असाच आहे. तो येतो, पण त्याच्याशी बोलता येतं, बहुतेकदा त्याला परतवताही येतं. नचिकेत्याला तीन रात्री दारात उपाशी ताटकळत ठेवलं म्हणून यमच ओशाळतो आणि तीन वर देतो. सावित्री त्याच्यामागून चालत बोलत राहते आणि तो एकेक वर देत शेवटी सत्यवानाचा जीवच देऊन बसतो. फाळक्यांनी 'सत्यवान सावित्री' १९१४ साली, म्हणजे आपला सिनेमा नुकता रांगायला लागला तेव्हाच, काढला. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या बायका यमाची भीती बाळगून ते करत नाहीत, त्याला एकदा गुंडाळल्याची आठवण म्हणून करतात, असं मला नेहमी वाटतं.

याच्याही मागे गेलं तर यम न्यायाधीश नव्हताच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो मरणारा पहिला आहे. आधी गेला म्हणून त्याला वाट सापडली आणि म्हणून तो तिथला राजा. वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे, पलीकडे पितरांची पंगत. वही, चित्रगुप्त, नरकांच्या याद्या हे सगळं पुराणांनी नंतर जमवलं. आणि घरातला यम तर आणखी वेगळा. धनत्रयोदशीला कणीक घट्ट मळायची, गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडायचा, तेल-वात घालायची आणि दिवा उंबऱ्याबाहेर दक्षिणेला तोंड करून ठेवायचा. एरवी दिव्याचं तोंड दक्षिणेला होऊ न देणारी आजी त्या संध्याकाळी मुद्दाम करते. पाव्हण्याला पाव्हण्याच्या दिशेने मान, एवढंच त्यात आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, त्यामागेही यम आहे. रामायणाच्या उत्तरकांडात रावण आला म्हणून भ्यालेला यम यज्ञाच्या मांडवात कावळा होऊन लपतो, आणि संकट टळल्यावर कावळ्याला वर देतो की तू जेवलास की माझ्या राज्यातले जेवतील. रावणाला भिऊन लपणारा मृत्यूचा देव. जपानी खेळवाल्यांना हा सापडला असता तर त्यांनी काय मजा केली असती!

तर हा माणूस पूर्वेकडे निघाला तो बौद्ध भिक्षूंच्या सामानातून. पाली 'देवदूतसुत्ता'त तो आधीच बदललेला दिसतो. मेलेल्याला समोर उभं करून तो विचारतो: तान्हं मूल पाहिलं नव्हतंस? म्हातारा? आजारी? शिक्षा भोगणारा चोर? मढं? हे माझेच निरोपे होते, मग तू शहाणा का झाला नाहीस? उलटतपासणी म्हणावी तर आहे, पण आवाज शाळामास्तरांचा. आणि त्याच सुत्तात तो मनाशी म्हणतो की आपल्यालाही माणसाचा जन्म मिळावा, बुद्ध भेटावा. खुर्चीत बसलेल्यालाच खुर्ची नको आहे. चीनमध्ये पोचलेल्या ग्रंथांत तर यमालाही शिक्षा आहे: दिवसातून तीनदा वितळलेलं तांबं त्याच्या घशात ओततात.

चीनने त्याला खरा हात लावला. चीनकडे राज्यकारभार होता, दफ्तर होतं, दर्जे होते. त्यात रेड्यावर बसलेला, हातात दोर घेतलेला देव कुठे बसवणार? त्यांनी त्याला अधिकाऱ्याचा झगा आणि टोपी दिली, समोर टेबल ठेवलं, दोन्ही बाजूंना कारकून बसवले. तुनह्वांगच्या गुहांमध्ये सापडलेल्या, दहाव्या शतकाच्या सुमाराच्या पोथ्यांत दहा राजांची दहा न्यायालयं तयार आहेत. मेल्यावर दर सात दिवसांनी एक, अशी एकोणपन्नास दिवसांत सात, मग शंभराव्या दिवशी, वर्षाने आणि तिसऱ्या वर्षी. आपल्याकडे दहावं, बारावं, तेरावं, मासिक, वर्षश्राद्ध आहेच, पण तिथे प्रत्येक विधीला एक कोर्ट जोडलं गेलं. यम त्यात पाचवा. पाचवाच का, याची चिनी लोककथा मला सगळ्यात आवडते. आधी तो पहिल्या न्यायालयात होता. अन्यायाने मेलेल्यांची त्याला दया यायची आणि तो त्यांना परत पाठवून द्यायचा. वरून ठपका आला आणि त्याची पाचव्या न्यायालयात बदली झाली. सावित्रीला नवरा परत देणारा तोच हा, वेश बदलला तरी खोड गेली नव्हती.

जपानमध्ये तो शिरला तेव्हा तिथे मेलेल्यांचा एक देश आधीच होता, योमी. ७१२ सालच्या 'कोजिकी'त त्याची गोष्ट आहे. इझानागी आणि इझानामी या जोडीने बेटं आणि देव जन्माला घातले. अग्नीच्या देवाला जन्म देताना इझानामी भाजून मेली. नवरा तिला आणायला गेला. तिने तिथलं अन्न आधीच खाल्लेलं होतं. बघू नकोस म्हणाली, याने उजेड करून बघितलं, तर देहात किडे. तो पळाला आणि दोन्ही देशांच्या सीमेवरची वाट त्याने एका प्रचंड शिळेने बंद केली. शिळेच्या पलीकडून ती म्हणाली, मी रोज तुझी हजार माणसं मारीन. तो म्हणाला, मी रोज बाळंतिणींच्या दीड हजार खोल्या बांधीन. मग त्याने अंग धुतलं, आणि डाव्या डोळ्याच्या धुवणातून सूर्यदेवी अमातेरासू जन्मली. या सगळ्या गोष्टीत पाप-पुण्याचा हिशेब कुठेच नाही. योमीत चांगले-वाईट सगळे सारखे. मरण म्हणजे विटाळ, आणि विटाळावर इलाज पाणी. शिंतोकडे, म्हणजे जपानच्या मूळच्या धर्माकडे, मृत्यू होता, न्यायाधीश नव्हता. ती जागा रिकामी होती म्हणून यमाला मिळाली.

मात्र यम तिथे एकच गेला नाही, दोन गेले. ८०६ साली भिक्षू कूकाई चीनमधून तांत्रिक बौद्ध पंथ घेऊन परतला. त्या परंपरेतला एनमातेन अजून रेड्यावर बसतो, दक्षिण दिशा राखतो, चेहरा शांत असतो आणि हातात माणसाचं मुंडकं लावलेला दंड असतो. आपल्या कणकेच्या दिव्याची दिशा तिथेही शाबूत आहे. दुसरा एनमा-ओ, लाल तोंडाचा, डोळे वटारलेला चिनी न्यायाधीश. लोकांत चालला तो हाच. मुंडकं लावलेला दंड त्याच्या टेबलाशेजारी साक्षीदार म्हणून उभा राहिला, आणि त्याच्या स्वतःच्या हातात आली दरबारी लोक धरतात ती चपटी लाकडी पट्टी. एइकीच्या हातातली पट्टी ती हीच.

नवव्या शतकाच्या सुरुवातीला क्योकाई नावाच्या भिक्षूने जमवलेल्या 'निहोन र्योइकी'त या दरबाराचा कारभार कसा चालायचा ते दिसतं. सानुकी प्रांतात एक बाई आजारी पडली. घरच्यांनी रोगदेवतेसाठी दारात पक्वान्नं मांडली. तिला न्यायला आलेला यमदूत दमला होता, भुकेला होता. तो जेवला आणि मिठाला जागावं लागलं. याच नावाची दुसरी कुणी आहे का, असं त्याने विचारलं आणि पलीकडच्या भागातल्या, त्याच नावाच्या बाईला घेऊन गेला. एनमाने चूक पकडली. दुसरीला परत पाठवलं, पण तेवढ्यात तिचं दहन झालं होतं. मग पहिलीच्या देहात तिला घातलं. ती उठून म्हणाली, हे माझं घर नाही. शेवटी दोन्ही घरांनी तिला लेक मानलं आणि दोन्हीकडची मालमत्ता तिला मिळाली. ज्या बेळगाव जिल्ह्याचा सीमावाद २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तिथल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

नंतरच्या शतकांत दरबारात सामान वाढत गेलं. माणसाने केलेलं सगळं दाखवणारा स्फटिकाचा आरसा आला. आपल्या वैतरणीच्या जागी सानझू नदी आली. आपण वैतरणीसाठी गोदान करतो. तिथे प्रेताबरोबर सहा नाणी ठेवायचे, आणि काठावर एक म्हातारी मेलेल्यांचे कपडे काढून घेते. क्योतोत ओनो नो ताकामुरा हा नवव्या शतकातला कवी-अधिकारी दिवसा राजाच्या दरबारात आणि रात्री विहिरीतून उतरून एनमाच्या दरबारात नोकरी करायचा, असं लोक मानू लागले. रोकुदो चिन्नोजी देवळात ती विहीर दाखवतात. नावाडीण कोमाचीचं नाव याच ओनो घराण्यातल्या कवयित्रीवरून घेतलेलं आहे.

सगळ्यात मोठा बदल तेराव्या शतकाच्या आगेमागे झाला. जपानातच रचलेल्या एका सूत्राने जाहीर केलं की एनमा हे वरचं रूप, आतून तो जिझो. जिझो म्हणजे क्षितिगर्भ, हाही आपल्याकडून गेलेला. नरकात उतरून लोकांना सोडवणारा, लेकरांचा राखणदार, रस्त्याकडेला लाल लाळेरं बांधून उभा असलेला दगडी देव. म्हणजे शिक्षा देणारा आणि सोडवणारा एकच झाला. तोक्योतल्या गेंकाकुजी देवळात एनमाची जुनी मूर्ती आहे, तिचा एक डोळा पिवळसर, फुटल्यासारखा. डोळे जात चाललेल्या एका म्हातारीने त्याला साकडं घातलं, त्याने स्वतःचा डोळा तिला दिला, आणि तिने आवडता कोन्याकू, म्हणजे सुरणासारख्या कंदाची वडी, सोडून दिला आणि जन्मभर त्यालाच वाहिला. आजही लोक तिथे कोन्याकू ठेवतात.

झुनने गेममध्ये हे सगळं ओतलं. एइकी मुळात जिझोच होती. मेलेले इतके वाढले की दहा राजे पुरेनात, म्हणून जागोजागच्या जिझोंची भरती झाली. यम आता पाळ्यांत काम करतात. समोर उभी राहणारी नायिका मात्र शिंतो देवळातली पुजारीण. विटाळ धुणारा धर्म आणि हिशेब ठेवणारा धर्म तिथे एका पडद्यावर भांडतात. आणि एइकीची सवय अशी की सुटीच्या दिवशी ती जिवंत लोकांना गाठून उपदेश करत फिरते: आत्ता सुधारा, नंतर माझा इलाज नाही. खेळणारे तिच्या लांबलचक व्याख्यानांची टिंगल करतात. मला त्यात तान्हं मूल पाहिलं नव्हतंस का, असं विचारणारा पाली यम ऐकू येतो. बाई म्हणून तिला बघून कुणी बिचकू नये; महाभारतातला मृत्यूसुद्धा स्त्री आहे आणि हे काम मला नको म्हणून ती रडते.

आपल्याकडे कार्यालयवाला यम आला तो स्नेहसंमेलनांत. 'यमाच्या दरबारात' असं नाटुकलं शाळेत कुणी केलं नसेल असं होत नाही: पुठ्ठ्याचा मुकुट, चित्रगुप्ताच्या हातात हजेरीपट, आणि पुढारी लाच देऊन स्वर्गात जायला निघालेला. आपण त्याला हसण्यावारी नेलं आणि तिथेच सोडलं. त्यातल्या एकाही नाटुकल्याने महाभारतातल्या मांडव्याला हात लावलेला मी पाहिलेला नाही. न केलेल्या चोरीसाठी हा ऋषी सुळावर चढवला गेला. पुढे यमाकडे जाऊन त्याने विचारलं, कशाबद्दल? यमाने वही काढली: लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचलीस. मांडव्य म्हणाला, पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? त्याने यमाला माणूस होण्याचा शाप दिला, म्हणून यम विदुर होऊन जन्मला. आणि चौदा वर्षांच्या आत केलेलं पाप धरायचं नाही, हा नियमही मांडव्यानेच घालून दिला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात आणि एक मुलगी असुरांशी लढते. त्याच पुण्यात, किंवा बेळगावात, कुणाला यमावर गेम करायचा असेल तर पहिली पातळी मांडव्याची ठेवावी. खेळणाऱ्याने आरोपी म्हणून आत जायचं, वही मागून घ्यायची, त्यातली चुकीची नोंद शोधायची आणि यमालाच पिंजऱ्यात उभं करायचं.