साथ ओसरल्यावर श्रमिकांच्या पदरात काय पडले?

महामारीचा इतिहास लिहिताना मृतांची मोजदाद होते, वैद्यांच्या शोधांचा गौरव होतो आणि साथ ओसरली की पान उलटले जाते. परंतु हातावर पोट असलेल्या कुटुंबाची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. काम सुटलेले असते, भाडे थकलेले असते, घरातील कमावता माणूस कदाचित कायमचा निघून गेलेला असतो. अशा कुटुंबासाठी शासनाने काय करावे, हा प्रश्न मुंबईपुढे गेल्या सव्वाशे वर्षांत तीनदा उभा राहिला. ती तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रसंग प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील तापाचे रोगी तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही गाठीच्या प्लेगची साथ असल्याचे ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच समाजातील. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ उजाडल्यानंतर काही आठवड्यांतच त्यातील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. जे मागे राहिले ते आपली मजुरी रोजच्या रोज मागू लागले.

शासनाचे पहिले पाऊल सक्तीचे होते. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरांची झडती घेणे, रोग्यांना रुग्णालयात हलवणे, कौले काढून घरात ऊन सोडणे असे उपाय झाले. ज्या घरांवर ‘यू. एच. एच.’, म्हणजे ‘मानवी वस्तीस अयोग्य’, ही अक्षरे रंगवली जात, तेथील कुटुंबाने जायचे कोठे, याचे उत्तर त्या अक्षरांत नव्हते. मार्च १८९८ मध्ये असंतोषाचा भडका उडून दंगल झाली.

त्याच वर्षी कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या मोकळ्या करणे, हवा खेळेल असे रस्ते काढणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायक घरे बांधणे, ही त्याची उद्दिष्टे होती. त्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याचीच कामे. आग्रीपाडा-नागपाडा भागात त्याने श्रमिकांसाठी चाळीही उभारल्या. परंतु पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक राहिला. खोली गेलेला मजूर कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हता. तो शेजारच्याच चाळीत आणखी एका कुटुंबाच्या खोलीत शिरला. एका गल्लीतील दाटी दुसऱ्या गल्लीत गेली, एवढेच. रुंद रस्त्यांचा आणि नव्या वसाहतींचा लाभ मुख्यतः बऱ्या उत्पन्नाच्या वर्गाला झाला. ट्रस्टने रोगट इमारतीला शत्रू मानले. त्या इमारतीत माणूस का राहतो, हे विचारले नाही. तो राहत होता, कारण त्याच्या मजुरीत तेवढेच भाडे परवडत होते.

दुसरा प्रसंग १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा. जून महिन्यात साथ मुंबई बंदरात दिसली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची दुसरी, भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीतील मृत्यूंचे प्रमाण समाजवार पाहिले, तर युरोपीय लोकांत ते दर हजारी ८.३, भारतीय ख्रिस्ती लोकांत १८.४, तर ज्यांना तत्कालीन दप्तरे ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात ६१.६ होते. रोग एकच, शहर एकच; परंतु खोली, अन्न आणि विश्रांती यांतील अंतर मृत्यूच्या आकड्यांत उतरले होते.

त्या वर्षी पाऊसही अपुरा झाला आणि महायुद्धाने आधीच वाढवलेले धान्याचे भाव आणखी चढले. जानेवारी १९१९ मध्ये गिरणी कामगारांनी संप केला. त्यात एक लाखाहून अधिक कामगार सामील होते. साथ, महागाई आणि संप अशा तिहेरी धक्क्यानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, विकास खाते निर्माण झाले. कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प झाला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या सोळा हजारांवर. याच त्या बी.डी.डी. चाळी. संकल्प मोठा होता, पैशांची तरतूदही होती. तरीही वरळीच्या अनेक चाळी कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि गिरणी दूर होती. पुढे याच चाळींनी श्रमिकांच्या पिढ्या जोपासल्या, हे खरे. परंतु साथीत होरपळलेल्या कुटुंबाला त्या वेळेवर मिळाल्या नाहीत.

तिसरा प्रसंग आपण सर्वांनी अनुभवला. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि मजूर पुन्हा एकदा शहरांतून पायी निघाले. ८ मे रोजी करमाडजवळ लोहमार्गावर झोपलेले सोळा श्रमिक मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. ते जालन्याहून भुसावळकडे चालत होते. या वेळी मात्र शासनाच्या हाती काही तयार साधने होती. अन्नसुरक्षा कायद्याखालील सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली गेली. रोजगार हमीच्या कामांवर २०२०-२१ या वर्षी देशात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पुढे आणलेली आणि १९७७ साली कायद्यात बांधलेली कल्पना पुढे राष्ट्रीय कायदा झाली होती, म्हणून ती महामारीत उपयोगी पडली. संकटापूर्वी जे हक्क म्हणून उभे असते, तेच संकटात धावून येते.

तरीही दोन उणिवा उघड झाल्या. शिधापत्रिका गावाला बांधलेली होती आणि मजूर शहरात होता. कोठेही धान्य घेता यावे, अशी सोय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात या जोडीत प्रायोगिक रीतीने सुरू झाली होती. परंतु साथ आली तेव्हा ती अपुरीच होती. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना मुदत घालून दिली आणि जून २०२२ मध्ये शेवटचे राज्य, आसाम, तीत सामील झाले. दुसरी उणीव नोंदणीची. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. परंतु बांधकाम आणि घरकाम करणाऱ्यांपैकी ज्याचे नाव मंडळाच्या दप्तरी होते, तोच पात्र ठरला. वर्षानुवर्षे चार घरची धुणीभांडी करूनही जिचे नाव कोठेच लिहिलेले नव्हते, ती शासनाच्या दृष्टीने कामगारच नव्हती.

प्लेगनंतर शासनाने रस्ता पाहिला, इन्फ्लुएन्झानंतर इमारत पाहिली आणि करोनानंतर प्रथमच, अर्धवट का होईना, चालणारा माणूस पाहिला. माणूस जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जाणारा हक्क, हीच या तीन साथींतून झालेली खरी प्रगती होय. ती टिकवायची, तर नाव नोंदवण्याचे काम साथ नसतानाच व्हावयास हवे. आपल्या धर्मग्रामांतही गवंडी, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत. आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा भगिनी कामाला येतात. त्यांचे नाव दप्तरी लागले आहे काय, एवढी चौकशी आपण या आठवड्यातच करू शकतो.