व्हीएचएफ श्रवण, सागरी
मासेमारी नौकेवरील व्हीएचएफ संच (पहा : रेडिओ संदेशवहन) चालू ठेवून इतर नौका, किनारा आणि तटरक्षक दलाची विमाने यांचे बोलणे ऐकत राहण्याची पद्धत. पापलेटासाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीसारख्या (जि. पालघर) कोळी बंदरांत, यांत्रिक नौका किनारा दिसेनासा होईपर्यंत दूर जाऊ लागल्यावर तिची गरज निर्माण झाली.

संच 156 ते 174 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात कंप्रता विरूपणाने चालतो. वाहिनी 16 (156.8 मेगाहर्ट्‌झ) संकट व सुरक्षा संदेश आणि प्राथमिक हाक यांसाठी राखीव आहे; म्हणून तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) तिच्यावरील श्रवण सोडू नये. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे बुटक्या डोलकाठीवरून बोलणारी नौका लवकर ऐकू येईनाशी होते, तर उंचावरील विमान खूप दुरून ऐकू येते. दमण येथील तटरक्षक हवाई तळावरून (पहा : तटरक्षक दल) उडणारी डॉर्नियर विमाने वादळापूर्वी नौकांना परतण्याची सूचना याच संचावर देतात.

याउलट, लढाऊ विमानांचे आपसांतील संभाषण मुख्यतः 225 ते 400 मेगाहर्ट्‌झवर, परमप्रसर विरूपणाने किंवा सांकेतिक रूपात होते. ते या संचावर उमटत नाही.