हातच्या कसबाला परवाना

श्रोतेहो, दाराची बिजागरी निखळली, कौले सरकली किंवा पाण्याचा नळ गळू लागला, की आपण गावातल्या एखाद्या हरहुन्नरी माणसाला हाक मारतो. तो थोडा सुतार असतो, थोडा गवंडी, थोडा लोहारही. ‘बाबा रे, हे काम करण्याचा तुला परवाना आहे काय?’ असे आपण त्याला कधी विचारत नाही. पण इंग्लंडात एके काळी हा प्रश्न विचारला जाई, आणि त्यावर दंडही होई.

सन १५६३ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, तिथे कारागिरांसंबंधी एक मोठा कायदा झाला. त्या वेळी चालू असलेला कोणताही धंदा करायचा, तर आधी सात वर्षे उमेदवारी केली पाहिजे, असे त्यात ठरले. उमेदवारीवाचून धंदा केला, तर महिन्याला चाळीस शिलिंग दंड. हेतू सगळाच वाईट नव्हता. काम कच्चे होऊ नये आणि पोरांना कोणीतरी नीट शिकवावे, हाही विचार त्यात होता.

पण पुढे काय झाले ते पाहा. घोडागाडी बांधणाऱ्याला स्वतःच्या गाडीची चाके करता येईनात! ती त्याने चाके करणाऱ्या उस्तादाकडूनच विकत घ्यायची. उलट, चाके करणारा मात्र खुशाल अख्खी गाडी बांधू शके. कारण एवढेच, की चाकाचा धंदा १५६३ पूर्वीचा आणि घोडागाडीचा त्यानंतरचा. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली आपल्या ग्रंथात हेच उदाहरण देऊन या कायद्यावर टीका केली. गरिबाची मालमत्ता म्हणजे त्याच्या हातांचे बळ आणि कसब. ते वापरू न देणे हा अन्याय आहे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

स्मिथ ज्या ग्लासगो विद्यापीठात पूर्वी प्राध्यापक होता, तिथलीच एक हकीकत आहे. एलिझाबेथचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. पण शहरातल्या कारागीर-संघांचे आपापले नियम होतेच. जेम्स वॉट नावाचा तरुण लंडनला वर्षभर उपकरणे बनवण्याचे काम शिकून परतला. पुरी उमेदवारी न केल्यामुळे शहरातल्या संघाने त्याला दुकान घालू दिले नाही, असे सांगतात. १७५७ साली विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात खोली दिली. १७६३–६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या वाफयंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला. तो दुरुस्त करता करता त्याला जे सुचले, त्यातून सुधारलेले वाफेचे इंजिन जन्माला आले.

मग तो कायदा गेल्यावर सगळे खूश झाले असतील? तसे नव्हे. उमेदवारीची कलमे १८१४ साली रद्द झाली, तेव्हा ती राहावीत म्हणून हजारो कारागिरांनी अर्ज केले होते. ज्याने सात वर्षे घासली, त्याला भीती होती, की आता कोणीही येईल आणि मजुरी पडेल. त्याचेही चूक म्हणता येईल का?

आपल्याकडे असा लेखी परवाना नव्हता, वतन होते. गावची सुतारकी वतनदार सुताराच्या घरची; उपऱ्याने येऊन त्या हक्कात हात घातला, की तंटा गोतसभेपुढे जाई. तिथे शिक्षणाची वर्षे मोजत नसत, घराणे पाहत. इंग्लंडात ‘किती वर्षे शिकलास?’ असा प्रश्न होता. इथे ‘कोणाचा तू?’ असा.

१९५० साली अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने हा दुसरा प्रश्न पुसून टाकला. कलम १९ प्रमाणे प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क आहे. मात्र लोकहितासाठी वाजवी बंधने घालण्याची आणि तांत्रिक पात्रता ठरवण्याची मुभा सरकारला ठेवली आहे. म्हणून १९५६ च्या विद्युत नियमांनी विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडे आणि प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली सोपवले. बिजागरी चुकली तर दार करकरते. तार चुकली तर जीव जातो.

शिक्षकबंधूंनो, वर्गात मुलांना एवढेच विचारा : आपल्या गावातल्या कोणत्या कामाला परवाना असावा, आणि कोणत्याला नसावा? ‘का?’ हे मात्र प्रत्येकाकडून वदवून घ्या. नियम शेजाऱ्याच्या जिवासाठी आहे, की जुन्या दुकानदाराच्या गल्ल्यासाठी, हे मुले बरोबर ओळखतील.