पंढरपुरातील उतरण्याची सोय व ज्ञातींच्या धर्मशाळा

श्रीविठ्ठलाविषयी ग्रंथ विपुल आहेत. परंतु दर्शनास आलेला मनुष्य रात्री निजला कोठे, ह्याची विचारपूस त्यांत क्वचितच आढळते. ज्या ज्ञातीने पै-पैसा जमवून पंढरीत चार भिंती उभ्या केल्या, तिने तरी ती करावयास हवी.

पूर्वी यात्रेकरू बहुधा क्षेत्रस्थांच्या घरी उतरे. उपाध्यायांच्या वहीत आजोबांचे नाव निघाले की पडवी मिळे. दक्षिणा ओघानेच आली. दिंडीकऱ्यांस मठ व फड होते. होळकर, शिंदे आदी संस्थानिकांचे वाडे होते. बाकीच्यांस चंद्रभागेचे वाळवंट. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास येऊ लागली व १९२७ साली तो मार्ग मिरजेस भिडला. पायी न येणाराही आता येऊ लागला. त्यास हक्काचा निवारा हवा म्हणून ज्ञातीज्ञातींनी वर्गणी काढून धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या दारांवरील पाट्या वाचीत गेले असता अर्धा महाराष्ट्र भेटतो!

परंतु पाटी जशी आपल्यास आत घेते, तशी दुसऱ्यास बाहेर ठेवते. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्यांच्याच लोकांस कोणी ओसरी देत नसे. ही उणीव गाडगे महाराजांनी ओळखली. स्वतः झाडू व गाडगे एवढ्यावर राहून त्यांनी लोकांच्या देणग्यांतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तत्पूर्वी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणाने मंदिराचे दार उघडले होते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात तर धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे.

कायदा झाला, तरी उंबरठ्यावरचा प्रश्न लगेच गेला नाही. आमच्या लहानपणी, १९७० च्या सुमारास, एका परक्या धर्मशाळेच्या दारी व्यवस्थापकांनी वडिलांस प्रथम ज्ञाती विचारली व मग ‘जागा नाही’ म्हटले. आतील दोन खोल्या रिकाम्या आम्हांस दिसत होत्या. ती रात्र आम्ही वाळवंटात काढली. वडील काही बोलले नाहीत; पहाटे स्नान करून रांगेत उभे राहिले.

हे सांगण्याचे कारण निराळेच आहे. गेल्या कार्तिकीस आम्ही आपल्याच धर्मशाळेत उतरलो. नोंदवहीत नाव, गाव, माणसे ह्यांपुढे ‘ज्ञाती’ हा रकाना होता. विचारता उत्तर आले, ‘बांधवांस अग्रक्रम द्यावयाचा, म्हणून.’ आषाढीस तो द्यावाच. वर्गणी त्यांची आहे. परंतु त्या दिवशी सात खोल्या मोकळ्या होत्या, आणि पावसात भिजलेले एक परगावचे कुटुंब दारातून परत गेले. आता मंदिर समितीचे भक्तनिवास आहेत, वारीत पासष्ट एकराच्या तळावर राहण्याची सोय होते, हे खरे. पण रात्री दहा वाजता लेकरू कडेवर घेतलेल्या बाईस ते काय कामाचे?

रकाना काढावा असा लेखी ठराव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. वार्षिक सभेत तो मांडला जाईल, तेव्हा सभासदांनी आपापल्या वडीलधाऱ्यांस विचारून यावे, की पंढरीत ते पहिल्या रात्री कोठे निजले होते.