भिंगाचं कूळ, खडकीमार्गे

१९२७ साली खडकीहून थेट विलायतेला बिनतारी संदेश जाऊ लागले. पाठवायचं केंद्र खडकीला, घ्यायचं दौंडला, आणि सेवेचं नाव ‘बीम’. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने बेतलेली ही युक्ती: उभ्या तारांचा एक पडदा आणि त्याच्यामागे परावर्तक म्हणून तारांचाच दुसरा. पुढच्या सगळ्या तारांत वीज एका तालात खेळे, त्यामुळे लाटेची पुढची फळी, म्हणजे तरंगाग्र, सपाट निघे. चहूकडे सांडणारी ऊर्जा झोत होऊन एका दिशेला जाई.

फळी सपाट करणं हे तर भिंगाचं काम! हे लक्षात आल्यापासून मी खडकीचा पडदा भिंगाच्या कुळात बसवून टाकला आहे. भिंगाच्या अँटेनात मधल्या लाटेची वाट जवळची, म्हणून तिला जाड थरात रेंगाळवतात आणि लांबून येणारीला पातळ काठातून सोडतात. दिंडीत पुढच्यांनी थांबून मागच्यांना गाठू द्यावं, तसं. काठाकडे ऊर्जा मंद ठेवली, तर आजूबाजूचे फुटकळ झोत दबतात, पण मुख्य झोत जरा रुंदावतो.

मग खडकीला खरंखुरं भिंगच का नाही लावलं? ढोबळ हिशेब असा: झोताचे अंश म्हणजे सत्तर गुणिले तरंगलांबी, भागिले भिंगाची रुंदी. तीस मीटरच्या लाटेचा दहा अंशांचा झोत हवा, तर भिंग २१० मीटर! लाट तीन सेंटिमीटरची असेल, तर २१ सेंटिमीटरांत भागतं.

आता शब्दाकडे. काच फुटते म्हणून ‘भंग’वरून ‘भिंग’, हा तर्क सोपा आहे. पण ‘अ’चा ‘इ’ कसा झाला? माझा कौल ‘भृंग’ला. संस्कृत कोशांत त्याचा एक अर्थ अभ्रक असा आहे, आणि ‘शृंग’चं शिंग होतं तसं ‘भृंग’चं भिंग व्हावं. कुणी म्हणेल, भृंगाचा तर भुंगा झाला! झाला ना. ‘पृष्ठ’ची पाठही झाली आणि पुठ्ठाही. एका घरातली दोन भावंडं वेगळ्या वळणाची निघतातच.

हे खरं मानलं, तर भिंगाची जन्मखूण फुगीर आकार नव्हे. आरपार जाऊ देणं ही. हर्ट्झने १८८८ साली सुमारे सहाशे किलो डांबराचा लोलक करून त्यातून विजेच्या लाटा वळवल्या. डोळ्याला काळाकुट्ट, पण लाटेला आरपार. भिंगाच्या घराण्यात तो हक्काने बसतो.

पंचाईत खडकीची. तिथला मागचा पडदा तर लाट अडवूनच परत पाठवतो. म्हणजे शब्दाचं कूळ सापडलं आणि माझं लाडकं भिंग त्यातून बाहेर पडलं. तूर्त त्याला दत्तक घेतलं आहे.