दिव्याभोवतीचं कडं

आजचा भाग जरा स्वार्थी आहे. दोन वर्षांपूर्वी माझा उणे सहाचा नंबर लेझरने गेला. सकाळी डोळे उघडताच भिंतीवरचं घड्याळ दिसणं, हे सुख चष्मेवाल्यांनाच कळेल. पण रात्री बाइक काढली की समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती एक कडं दिसतं. पावसात तर विचारूच नका. आता धाकटा भाऊ विचारतोय, "दादा, मी पण करून घेऊ का?" म्हटलं, आधी हे कडं आलं कुठून ते बघू.

लेझरच्या आधी पातं होतं. १९७०च्या दशकात मॉस्कोचे डॉक्टर फ्योदोरोव कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा द्यायचे. पडदा सपाट व्हायचा, नंबर उतरायचा. रात्री मात्र दिव्यांतून चांदण्यासारखे किरण फुटलेले दिसायचे. म्हणजे तक्रार जुनीच आहे.

मग आलं १९८१. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन (हो, आपल्या भारतातच जन्मलेले), जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम एक्सायमर लेझरवर काम करत होते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, श्रीनिवासन घरी उरलेलं टर्कीचं मांस घेऊन आले आणि त्यावर लेझर सोडला. कुठेही न करपता स्वच्छ खाच पडली! कोंबडीवर्गातल्या उरल्यासुरल्या जेवणातून एवढा मोठा शोध लागावा, याचं मला अजून हसू येतं. १९८३मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्यासोबत आले, आणि लेझर कॉर्नियावर पोचला. १९९५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली.

आता खरी गोम. उणे नंबर काढायचा म्हणजे पडद्याचा मधला भाग घासून सपाट करायचा. किती घासायचं, त्याचं ढोबळ सूत्र असं: घासायच्या वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन. माझा सहाचा नंबर धरा. वर्तुळ ४ मिलिमीटरचं असेल तर ३२ मायक्रॉन जातात. तेच ६ मिलिमीटरचं केलं तर ७२! आणि पडदाच मुळात साधारण अर्धा मिलिमीटर जाड. म्हणून सुरुवातीच्या डॉक्टरांनी पडदा वाचवायला वर्तुळ लहान ठेवलं. दिवसा हे चालून जातं. अंधारात बाहुली पसरते, कुणाची ६ तर कुणाची ७ मिलिमीटर. मग न घासलेल्या कडेतूनही प्रकाश आत शिरतो. तिथे जुना नंबर तसाच असतो, त्यामुळे तो प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळतो आणि दिव्याभोवती कडं उमटतं.

पुढे वर्तुळं मोठी झाली, कडेचा उतार हळुवार झाला. तरी प्रश्न पूर्ण मिटला नाही, कारण मधोमध सपाट केलेल्या पडद्याचा आकारच बदललेला असतो. बाहुली हे एकमेव कारण नाही. डोळे कोरडे पडले तरी दिवे पसरतात.

२००८मध्ये एफडीएच्या सुनावणीत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येऊन बोलले. त्यानंतर एफडीएने स्वतः अभ्यास केला, तो २०१७मध्ये छापून आला. ज्यांना आधी कुठलाच त्रास नव्हता, त्यांपैकी सुमारे ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी किमान एक नवं लक्षण सांगितलं. सगळ्यात जास्त कडी. आणि गंमत बघा, त्याच अभ्यासात बहुतेक लोक ऑपरेशनवर खूश होते. मीही त्यातलाच. दोन्ही खरं असू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या फाइलमध्ये अंधारातल्या बाहुलीचं मापच नाही.

भावाचा नंबर साडेचार आहे, आणि नोकरी रात्रपाळीची, गाडी चालवायची. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. शनिवारी दोघं तपासणीला जातोय. डॉक्टरांना पहिलं विचारणार, अंधारात याची बाहुली किती होते आणि तुम्ही वर्तुळ केवढं घेणार.